आपोआप आणि स्वयंभू

"ताई, मी टी.वाय. बी.एस्सी.ला आहे, फिजिक्स स्पेशल. आम्ही पंचवटीत राहतो, घरात आई-बाबा, मी आणि आबा, म्हणजे माझे आजोबा, वय ७८. आबा रोज पहाटे रामकुंडावर आंघोळ करून येतात, मग पूजा, मग पेपर. पेपरात सायन्सचं काही आलं की ते कात्रण कापून माझ्या टेबलावर ठेवायचे, मी पाचवीत होते तेव्हापासून. मला सेमिनारला जीवसृष्टीची सुरुवात आणि थर्मोडायनॅमिक्स हा टॉपिक मिळालाय, जेरेमी इंग्लंड नावाच्या फिजिक्सच्या शास्त्रज्ञाच्या कामावर. वाचून मी इतकी भारावले की रात्री जेवताना आबांना म्हणाले, जीव आपोआप तयार होतो, फिजिक्सचा नियमच आहे तसा, तुमच्या देवाचं काम आता फिजिक्सने काढून घेतलंय. आबा फक्त 'बरं' म्हणाले आणि उठले, ताटातला भात तसाच राहिला. त्याला तीन आठवडे झाले. भांडण नाही, बोलतात नेहमीसारखं, पण कात्रण एकही आलेलं नाही. मी बरोबर आहे की चूक? सॉरी म्हटलं तर ती सायन्सशी बेईमानी होईल का? आणि अजून एक, हे सगळं बोलूनही मंदिरात गेलं की माझे हात आपले जोडले जातात, हे ढोंग आहे का? स्लाइड्स सोबत पाठवतेय."

बाळा, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि स्लाइड्स तीनदा. आधी फिजिक्सचं बोलू, कारण तू तेच पहिलं विचारलंयस आणि ते नीट झाल्याशिवाय आबांबद्दल काही सांगण्यात अर्थ नाही.

फिजिक्स तू बरंचसं बरोबर मांडलंयस. थर्मोडायनॅमिक्सचा, म्हणजे उष्णता आणि ऊर्जेच्या शास्त्राचा, दुसरा नियम म्हणतो एंट्रॉपी, म्हणजे पसारा, वाढत जाते, गरम चहा गार होतो, गार झालेला आपण होऊन परत गरम होत नाही, आणि यावरून भलेभले शिकलेले लोक म्हणतात की मग जीवासारखी इतकी व्यवस्थित गोष्ट तयार होणंच नियमाविरुद्ध आहे, कोणीतरी बाहेरून हात लावल्याशिवाय होणार नाही. हा प्रश्न तुला सेमिनारला कोणीतरी विचारणारच. उत्तर तुला माहितीय, तो नियम विलग (आयसोलेटेड) सिस्टिमचा आहे, जिच्यात बाहेरून ऊर्जाही येत-जात नाही, आणि पृथ्वी तशी नाही. फ्रिज आत गार करतो आणि मागच्या जाळीतून खोलीत उष्णता सोडतो, आतला पसारा कमी झाला तरी सगळा हिशोब धरला तर वाढलेलाच असतो. पण एक गोष्ट तुझ्या स्लाइडमध्ये नाहीये आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. सूर्याकडून जेवढी ऊर्जा येते जवळपास तेवढीच पृथ्वी परत अवकाशात सोडून देते, मग आपण सगळे जगतो कशावर? फरक क्वालिटीत आहे. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५८०० केल्विन आणि पृथ्वी बाहेर ऊर्जा सोडते ती साधारण २५५ केल्विनच्या वस्तूसारखी, म्हणून प्रकाशाचा एक फोटॉन, म्हणजे एक कण, आत आला की त्याच्या बदल्यात इन्फ्रारेडचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांचे, साधारण २० फोटॉन बाहेर जातात. वीसची एक नोट मोडून रुपयाची वीस नाणी केल्यासारखं, रक्कम तीच पण सुट्टं झालं, विखुरलं. आणि या मोडण्याच्या व्यवहारावर द्राक्षाच्या वेलीपासून आबांच्या अंगणातल्या तुळशीपर्यंत सगळं उभं आहे. श्रोडिंगर या फिजिक्सच्या शास्त्रज्ञाने फेब्रुवारी १९४३ मध्ये डब्लिनला व्याख्यानं दिली (१९४४ ला त्याचं छोटं पुस्तक झालं), त्यात त्याने हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं की सजीव गोष्ट भोवतालातून व्यवस्था खेचून घेते आणि पसारा बाहेर टाकते, म्हणून ती टिकते.

आता भोवरा. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की होळकर पुलावर गर्दी जमते, तूही लहानपणापासून गेली असशील, आणि सगळ्यांची नजर गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर असते, पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं. तेव्हा खाली बघ, पाण्यात भोवरे पडलेले दिसतात. एखादा भोवरा बराच वेळ तसाच दिसतो, आकार तोच, जागा तीच, पण त्यातलं पाणी क्षणोक्षणी बदलतंय, आत्ता जे होतं ते एव्हाना टाकळीकडे निघून गेलं. वाहणं थांबलं की भोवरा संपला. इल्या प्रिगोजिन यांना १९७७ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं ते अशाच रचनांच्या कामासाठी, ऊर्जा वाहत असते तोवरच टिकणाऱ्या रचना. तू, मी, आबा, आपण सगळे त्याच घरातले. आपलं शरीर बसल्या जागी साधारण १०० वॉट उष्णता सोडत असतं, जुन्या पिवळ्या बल्बइतकी, आणि किलोमागे हिशोब केला तर माणूस सूर्यापेक्षा हजारो पटींनी जास्त ऊर्जा बाहेर टाकतो. हे मी पहिल्यांदा गणित करून बघितलं तेव्हा विश्वास बसेना म्हणून पुन्हा केलं होतं, तूही करून बघ, सूर्याचं वस्तुमान आणि पॉवर दोन्ही तुझ्या पुस्तकात आहेत.

इंग्लंडने २०१३ च्या पेपरमध्ये यापुढचं पाऊल टाकलं. एखादी गोष्ट स्वतःची प्रत काढते तेव्हा कमीत कमी किती उष्णता बाहेर पडलीच पाहिजे याची त्याने मर्यादा काढली, आणि ई-कोलाय बॅक्टेरियाला ती लावून दाखवली. नंतर त्याने मांडलं की अणूंच्या घोळक्याला बाहेरून सतत ऊर्जेचा रेटा मिळत राहिला आणि भोवती उष्णता सोडायला जागा असली, तर तो घोळका हळूहळू अशा रचनांकडे सरकू शकतो ज्या तो रेटा जास्त चांगला शोषून घेतात आणि उधळतात. कल्पना सुंदर आहे, मलाही आवडते. पण तुझ्या स्लाइडवर तू लिहिलंयस 'म्हणून जीव तयार होतोच', आणि तिथे तू पेपरच्या पुढे गेलीस. भोवरा ऊर्जा उधळतो, वादळ उधळतं, समईची ज्योत उधळते, यातलं काहीच जिवंत नाही. जिवंत गोष्टीला ऊर्जा उधळण्याशिवाय अजून काय लागतं, आठवण लागते, म्हणजे मागच्या पिढीची माहिती पुढच्या पिढीला देण्याची सोय, आणि ती कशी सुरू झाली हे इंग्लंडचं गणित सांगत नाही, सांगतो असा त्याचा दावाही नाही.

ते काम केमिस्ट्रीवाले करतायत, आणि त्यात खरोखर दमदार गोष्टी सापडल्यात. स्टॅन्ली मिलर, तुझ्यापेक्षा फार मोठा नाही, बावीस-तेवीस वर्षांचा विद्यार्थी, शिकागोत हॅरल्ड यूरींच्या हाताखाली, त्याने मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ काचेच्या नळ्यांत फिरवत ठेवून त्यात विजेच्या ठिणग्या पाडल्या. दुसऱ्या दिवशी पाणी गुलाबी, आठवड्याने गडद, आणि त्यात ग्लायसिन, अॅलानिन अशी अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांच्या विटा. नंतर कळलं की पृथ्वीची तेव्हाची हवा बहुधा तशी नव्हती, पण विटा आपल्या आपण पडू शकतात हे कायमचं सिद्ध झालं. बेन्नू नावाच्या लघुग्रहाची माती सप्टेंबर २०२३ मध्ये पृथ्वीवर आणली, त्यात जीवसृष्टी वापरते त्या २० पैकी १४ अमिनो आम्लं आणि जीवांची माहिती ज्यांत लिहिलेली असते त्या डीएनए-आरएनएची पाचही अक्षरं निघाली, हे जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालं. आरएनए फक्त माहिती साठवत नाही तर स्वतः रिअॅक्शनही घडवू शकतो हे १९८० च्या दशकात कळलं आणि चेक व ऑल्टमन यांना १९८९ चं नोबेल मिळालं. आणि हे तर तुला नाशिककर म्हणून आवडेल, आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाऊस पडला की फुगते ती ज्या जातीच्या खनिजामुळे, त्यातलंच मॉन्टमोरिलोनाइट, त्याच्या पृष्ठभागावर आरएनएचे सुटे तुकडे जोडले जाऊन साखळ्या बनतात हे प्रयोगात दिसलंय. पण विटा, चुना, गवंडी सगळं दिसतंय तरी अजून कोणीही निर्जीव रसायनांपासून सुरुवात करून जिवंत पेशी बनवून दाखवलेली नाही. हे मान्य करायला लाजू नकोस. पृथ्वी ४५४ कोटी वर्षांची, जीवाच्या बऱ्यापैकी खात्रीच्या खुणा ऑस्ट्रेलियात पिलबाराच्या खडकांत साधारण ३४८ कोटी वर्षांपूर्वीच्या. आपला ब्रह्मगिरी आणि अंजनेरी ज्या लाव्ह्याचे बनलेत तो वाहिला साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास, म्हणजे त्या वेळेस जीवसृष्टी आधीच ३४० कोटी वर्षं जुनी होती. इतक्या लांबचं काही नक्की कसं झालं ते शोधायला तुझी अख्खी पिढी लागेल.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर, फिजिक्स बरोबर, निष्कर्ष घाईचा. पण तू दुसरीही एक घाई केलीस आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते, ती आहे 'आपोआप' या शब्दात.

मराठीत आपोआप म्हटलं की ऐकणाऱ्याला काय वाटतं, कारणाशिवाय, अर्थाशिवाय, असंच. आणि फिजिक्स नेमकं उलटं सांगतंय ना, की ऊर्जेचा प्रवाह पाहिजे, तापमानात फरक पाहिजे, विशिष्ट रसायनं पाहिजेत, कोट्यवधी वर्षं पाहिजेत. यात 'असंच' कुठे आलं? तू नियमांबद्दल बोलत होतीस आणि आबांनी ऐकलं की तुमचं आयुष्य असंच आहे. पण त्याच गोष्टीला आबांच्या भाषेत दुसरा शब्द आहे, तो त्यांनी हजार वेळा तोंडाने उच्चारलाय. स्वयंभू. त्र्यंबकेश्वरचं लिंग त्यांच्यासाठी श्रेष्ठ का, तर ते कोणी घडवलेलं नाही, आपलं आपण प्रकट झालं अशी श्रद्धा आहे. म्हणजे ज्या माणसाच्या लेखी आपलं आपण होणं हीच पवित्र असण्याची खूण आहे, त्याला तू सांगितलंस की आपलं आपण झालं म्हणून देव गेला. दोघांत किती अंतर पडलं बघ, आणि ते एका शब्दाने पडलं.

अजून एक सांगते. जुन्या ग्रंथांत जीवांच्या चार खाणी सांगितल्यात, जारज, अंडज, स्वेदज, उद्भिज्ज, ऐतरेय उपनिषदातही हे चार प्रकार आहेत. यातला स्वेदज म्हणजे घामातून, ओलाव्यातून, उष्णतेतून जन्मणारा, उवा, डास वगैरे. सायन्स म्हणून हे चूक आहे, ऊ लिखेतूनच येते हे कुठलीही आई सांगेल. पण विचार कर, हजारो वर्षं आपल्याकडच्या अत्यंत श्रद्धाळू माणसांनी हे मानलं की ओल आणि ऊब मिळाली की निर्जीवातून जीव उठतो, आणि त्यातल्या एकालाही आपला देव धोक्यात आलाय असं वाटलं नाही. युरोपातही पाश्चरने १८६० च्या आसपास वाकड्या मानेच्या काचपात्रांनी दाखवलं की आजच्या हवापाण्यात असं होत नाही, त्याआधी तिथले चर्चचे विद्वानही कुजलेल्या मांसातून किडे होतात असं निवांत मानायचे. म्हणजे निर्जीवातून जीव होणं आणि देव नसणं या दोन गोष्टींची गाठ आपण मारलीय, ती मूळची नाही.

हां, पण मी तुला एकतर्फी चित्र दाखवणार नाही. ही गाठ मारणारे आपल्याकडेही होते. मडकं आहे म्हणजे कुंभार असलाच पाहिजे, तसं जग आहे म्हणजे कर्ता असलाच पाहिजे, हा युक्तिवाद आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, शेकडो वर्षं लढवला. आणि समोर चार्वाक होते, ते म्हणायचे धान्यात, गुळात किण्व, म्हणजे आंबवण, घातलं की सुट्या वस्तूंत नसलेली नशा तयार होते, तशीच पंचमहाभूतांतली चार एकत्र आली की चेतना तयार होते, वेगळा आत्मा कशाला. नाशिकच्या माणसाला हे उदाहरण समजावून सांगावं लागत नाही, द्राक्षाचा रस ठेवला की काय होतं ते आपल्या आजूबाजूला दर सीझनला दिसतं. आणि गंमत म्हणजे सायन्सचा इतिहासही याच किण्वावरून गेलाय. पाश्चरचं म्हणणं होतं आंबवणं जिवंत यीस्टशिवाय होत नाही, त्यात बऱ्याच जणांनी जीवनशक्ती नावाचं काहीतरी वेगळं बसवलं, आणि १८९७ मध्ये एदुआर्ड बुखनरने यीस्ट वाळूबरोबर घोटून, पिळून, एकही जिवंत पेशी नसलेल्या रसाने साखरेचा अल्कोहोल करून दाखवला. त्याआधी १८२८ ला व्योलरने एरवी प्राण्यांच्या शरीरात बनणारा युरिया प्रयोगशाळेत बनवला होता तेव्हाही असंच झालं. जिथे जिथे लोकांनी म्हटलं 'इथे सायन्स पोचणार नाही, इथे देव आहे' तिथे तिथे सायन्स सावकाश जाऊन पोचलं. म्हणून मी श्रद्धाळू माणसांना कळकळीने सांगते की देवाला अशा फटीत बसवू नका, फट बुजते आणि मग बुजवणाऱ्या पोरांचा राग येतो. पण त्याच कळकळीने तुला सांगते, फट बुजली म्हणजे देव नाही हे सिद्ध झालं असंही होत नाही, जर समोरच्याचा देव त्या फटीत बसलेलाच नसेल. तुझ्या आबांचा बसलेला होता का? तू विचारलं होतंस का त्यांना कधी? मला तुझ्या पत्रावरून वाटतं की जो माणूस दहा वर्षं नातीसाठी सायन्सची कात्रणं कापतोय त्याचा देव सायन्सला घाबरून कोपऱ्यात बसलेला नसणार.

इंग्लंडचं स्वतःचं माहितीय का तुला? स्लाइडवर त्याचा फोटो आहे पण हे नाहीये. तो ऑर्थोडॉक्स ज्यू आहे, पाळणारा. २०१७ मध्ये एका गाजलेल्या अमेरिकन कादंबरीत त्याच्या नावाचं पात्र घालून त्याचं काम देवाविरुद्धचा पुरावा म्हणून वापरलं, तेव्हा त्याने वर्तमानपत्रात लेख लिहून सांगितलं की माझ्या नावावर हे खपवू नका. २०२० च्या त्याच्या पुस्तकात त्याने थर्मोडायनॅमिक्स आणि बायबलमधल्या मोझेसच्या, पेटूनही न जळणाऱ्या झुडुपाची गोष्ट शेजारी ठेवलीय, आणि त्याचा मुद्दा मला पटतो, की जीव हा शब्द फिजिक्सचा नाहीच, फिजिक्सकडे वस्तुमान, तापमान, ऊर्जा असे शब्द आहेत, कशाला जिवंत म्हणायचं हे माणसाने फिजिक्सच्या कितीतरी आधी ठरवलंय. याच्या उलटं उदाहरण जॉर्ज लमेत्र यांचं. ते कॅथलिक धर्मगुरू आणि विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये गणिताने मांडणारे, आणि १९५१ मध्ये खुद्द पोप बारावे पायस यांनी त्या सिद्धांतात निर्मात्याचा पुरावा पाहिला तेव्हा लमेत्र यांना ते रुचलं नाही, सिद्धांताला धर्माच्या बाजूने किंवा विरुद्ध जुंपू नये हीच त्यांची भूमिका राहिली. एकाचं काम देव आहे म्हणून वापरलं, एकाचं देव नाही म्हणून, आणि दोघा श्रद्धावान माणसांनी नको म्हटलं. मला या दोघांबद्दल फार आदर आहे. श्रोडिंगरही तसाच, त्याला उपनिषदांची ओढ होती, त्याच पुस्तकाच्या शेवटी त्याने ते लिहिलंयही, पण वेगळं काढून, फिजिक्सच्या प्रकरणांत न मिसळता.

आता माझी चूक सांगते. मी शिकवायला लागले तेव्हा सव्वीस वर्षांची होते, आणि वर्गात एंट्रॉपी शिकवताना अशाच भरात म्हणाले की हे ज्याला कळलं त्याचा देव सुटतो. पहिल्या बाकावर दिंडोरीकडचा एक मुलगा बसायचा, गळ्यात तुळशीची माळ, रोज तासानंतर थांबून प्रश्न विचारायचा, चांगले विचारायचा. दुसऱ्या दिवसापासून तो थांबेना. रागावला नाही, बाक बदलला नाही, मार्कही चांगले पडले त्याला, फक्त प्रश्न थांबले. मला कारण कळायला दोन-तीन महिने गेले आणि कळल्यावरही मी त्याच्याशी बोलले नाही, वाटलं आता काय बोलणार, वर्ष संपलं, तो गेला. इतकी वर्षं झाली, ते अजून मला टोचतं. म्हणून तुझ्या पत्रात कात्रणं थांबली हे वाचलं तेव्हा मी लगेच लिहायला बसले. तीन आठवडे म्हणजे काहीच नाही गं, पण तीन वर्षं होऊ देऊ नकोस.

सॉरी म्हणायचं, पण कशाबद्दल ते स्पष्ट ठेवून. फिजिक्सबद्दल नाही. असं म्हण की आबा, जीव कसा सुरू झाला याबद्दल मी जे वाचलंय ते मला आजही खरं वाटतं, पण तुमच्या देवाबद्दल बोलायचा अधिकार मला त्या पेपरने दिला नव्हता, ते मी उगाच बोलले. यात बेईमानी कुठेच नाही, उलट हेच जास्त काटेकोर आहे, जेवढा डेटा तेवढंच बोलणं. आणि नुसतं सॉरी म्हणून निघून जाऊ नकोस, बस त्यांच्याजवळ आणि विचार, आबा, स्वेदज म्हणजे काय हो? स्वयंभू म्हणजे नक्की काय मानता तुम्ही? ते काय सांगतील ते मला माहीत नाही आणि तुलाही माहीत नाही, म्हणूनच विचार. आणि बेन्नूच्या मातीवर मराठीत काही छापून आलेलं मिळालं तर ते कापून त्यांच्या पेपराखाली ठेव, या वेळी तू ठेव.

एक धोका आहे, तोही सांगून ठेवते. मन मोकळं झालं की आबा कदाचित म्हणतील, हे सगळं आपल्या ऋषींना आधीच माहीत होतं, दशावतार म्हणजेच उत्क्रांती, वगैरे, फॉरवर्ड सगळ्यांकडेच येतात. तिथे प्रेमापोटी हो ला हो करू नकोस. मासा, कासव, वराह हा क्रम बघायला जुळल्यासारखा वाटतो, पण त्यातून एकही मोजता येईल असं भाकीत निघत नाही आणि ज्यांनी तो लिहिला ते जीवाश्मांबद्दल बोलत नव्हते. असं जुळवलं की सायन्सचंही नुकसान आणि त्या कथांचंही. पृथ्वीचं वय, उवांचा जन्म, ग्रहांचा माणसावरचा परिणाम, या मोजता येणाऱ्या गोष्टी आहेत आणि इथे श्रद्धेला मोजमापापुढे थांबावंच लागेल, मग ती आबांची असो की माझी. नारळीकर सर आयुष्यभर हेच करत राहिले, फलज्योतिषाची चाचणी घेतली ती आकडे मांडून, आणि जीव अवकाशातून आला असेल का हा प्रश्न पडला तेव्हाही नुसतं बोलत बसले नाहीत, हैदराबादहून फुगे सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा करून तपासण्याच्या प्रयोगात ते पुढे होते. आबा वेदांचं म्हणालेच तर त्यांना नासदीय सूक्त आठवतं का विचार, ऋग्वेदाचं दहावं मंडल, १२९ वं सूक्त. त्यात शेवटी उत्तर दिलेलं नाही, ही सृष्टी कुठून झाली ते जो वर बसून बघतोय त्यालाच ठाऊक, किंवा त्यालाही नसेल, असं म्हणून ते सूक्त थांबतं. हे वाचून मला दरवेळी भरून येतं. ते तुम्ही दोघांनी मिळून वाचा, अर्थ त्यांना सांगू दे.

राहिलं तुझं हात जोडणं. तू ढोंग म्हणतेस कारण तुला वाटतं हात जोडणं म्हणजे एखाद्या विधानाला होकार देणं, देवाने जीव बनवला या विधानाला. पण आपल्याकडे हात इतक्या ठिकाणी जोडले जातात, नदीला, अन्नाला, पुस्तकाला पाय लागला तर, खंडेनवमीला सातपूरच्या शॉपमध्ये लेथ मशीनला हार घालून. त्या प्रत्येक वेळी माणूस काही विधान करत नसतो. दुतोंड्या मारुतीचंच बघ ना. शनिवारी लोक त्याला तेल वाहतात, आणि पूर आला की अख्खं नाशिक त्याच्यावरून पाणी मोजतं, छातीला लागलं म्हटलं की भांडी बाजारातली आणि सराफ बाजारातली दुकानं सामान हलवायला लागतात. मूर्ती एकच. तिला नमस्कार केला म्हणून पाणी कमी दाखवत नाही, आणि तिच्यावरून क्युसेकचा अंदाज बांधला म्हणून कोणी नमस्कार सोडला नाही. वाईट कधी झालं असतं, तर आपला मारुती आहे म्हणून पाणी छातीला लागलेलं असताना कोणी कमरेला सांगितलं असतं तर. तेवढं तू आयुष्यात कधी करू नकोस, बाकी हात जोडावेसे वाटले तर जोड, नाही वाटले तर खिशात ठेव, त्याचा हिशोब मला देऊ नकोस आणि वर्गातल्या कोणालाही देऊ नकोस.

आता स्लाइड्स. शेवटच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात 'देवाची गरज नाही' लिहिलंयस, ती काढ. सेमिनारला एक्सटर्नलला, म्हणजे बाहेरच्या परीक्षकाला, आवडलं तरी काढ, कारण आधीच्या अठरा स्लाइड्समध्ये त्याचा पुरावा कुठेच नाही. त्या जागी इंग्लंडचं गणित काय दाखवत नाही ते चार ओळींत लिही, माहितीची साठवण, पहिली प्रत काढणारी गोष्ट, पेशीची भिंत. सहाव्या स्लाइडवर मिलरचा प्रयोग १९५३ लिहिलाय, प्रयोग १९५२ चा आणि पेपर १९५३ चा, दोन्ही लिही. जीवाच्या सुरुवातीवर लेख लिहिणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ हाल्डेन, त्यांच्या लेखाचं साल १९२९ बरोबर आहे, तिथे एक ओळ वाढव की ते १९५७ मध्ये कायमचे भारतात आले आणि १९६४ ला भुवनेश्वरला वारले, मुलांना माहीत नसतं. फोटॉनची आकृती टाक. आणि आदल्या दिवशी आबांना समोर बसवून पूर्ण सेमिनार मराठीत एकदा देऊन बघ, वीस मिनिटांत बसतोय का ते घड्याळ लावून त्यांनाच बघायला सांग.